घरच्या पार्किंगमध्ये इंजिनाची माउंटिंग बदलताना : प्रकल्प नोंदी

शनिवार, 4 जानेवारी 2025

आमची वॅगन-आर 2011 सालची आहे. तिच्यात तीन सिलिंडरचे, 998 घनसेंटिमीटरचे के-10 पेट्रोल इंजिन आहे आणि आज सकाळी मीटरवर 1,18,412 किलोमीटर दिसत होते. गेल्या दिवाळीपासून गाडी सिग्नलला थांबली की स्टिअरिंग थरथरते, आतल्या आरशातील मागची वाहने पुसट दिसतात आणि रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येताना पायाखालून ‘धप्’ असा जड आवाज येतो. तीन सिलिंडरच्या इंजिनाला थोडी थरथर असायचीच, अशी स्वतःची समजूत घालून मी दोन महिने काढले. परंतु काल रात्री कर्वे रस्त्यावर गाडी उभी असताना डॅशबोर्डचे प्लॅस्टिक वाजू लागले, तेव्हा हे काम आणखी पुढे ढकलायचे नाही असे ठरवले.

पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये गाडीच्या नोंदणीला 15 वर्षे पूर्ण होतील आणि तेव्हा तपासणी करून नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेण्याचा आमचा विचार आहे, त्यामुळे या गाडीवर कष्ट घेणे मला योग्य वाटते. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेथे बोनेट न उघडताच ‘तिन्ही फाउंडेशन बदलून टाका’ असे सांगण्यात आले. इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर पेलून धरणाऱ्या धातू-रबराच्या आधाराला इंजिन माउंटिंग, आणि गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन म्हणतात. हे निदान बरोबरही असू शकेल, पण कोणते माउंटिंग गेले आणि कशामुळे गेले हे कळल्याशिवाय नवे बसवले, तर तेही त्याच कारणाने जाईल. म्हणून हे काम कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करायचे आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवायची, असे ठरले आहे. माझा भाचा तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शनिवार-रविवार तो मदतीला येणार आहे.

रविवार, 5 जानेवारी

आजचा पूर्ण दिवस निदानासाठी दिला. थरथर दोन कारणांनी होऊ शकते. एक तर इंजिन स्वतःच नीट चालत नसेल, किंवा ते नीट चालत असूनही त्याची नैसर्गिक थरथर गाडीच्या अंगात उतरत असेल. पहिली शक्यता आधी बाद करणे आवश्यक होते, कारण एखादे सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसेल, तर नवी माउंटिंग बसवूनही काही साधत नाही. तिन्ही स्पार्क प्लग काढून पाहिले. तिघांचाही रंग सारखाच फिकट तपकिरी होता. कॉइलचे प्लग एकेक करून काढले तेव्हा प्रत्येक वेळी इंजिन सारख्याच प्रमाणात अडखळले, म्हणजे तिन्ही सिलिंडर आपापला वाटा उचलत होते. आयडलिंग (उभ्या गाडीत अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा वेग) मिनिटाला 850 फेऱ्यांवर स्थिर होते.

त्यानंतर मोबाइल स्टिअरिंगवर घट्ट बांधून त्यातील कंपनमापक चालू केला. आलेखात सर्वांत उंच टोक सेकंदाला सुमारे 21 कंपनांवर आले. मिनिटाला 850 फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे 14.2 फेऱ्या, आणि चार स्ट्रोकच्या तीन सिलिंडर इंजिनात दर फेरीला दीड स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला 21 स्फोट. हिशेब अगदी जुळला. थरथर चाकांतून किंवा पंख्यातून येत नसून स्फोटांच्या तालावरच होत आहे, हे यावरून निश्चित झाले. 14 च्या आसपास दुसरे, थोडे लहान टोक होते. तीन सिलिंडरच्या क्रँकचे हात एकमेकांपासून 120 अंशांवर असल्याने वर-खाली जाणाऱ्या पिस्टनांची बळे एकमेकांना काटतात, पण ती एका रांगेत अंतरा-अंतरावर असल्यामुळे इंजिनाचे एक टोक वर आणि दुसरे खाली असा झोका दर फेरीला उरतोच. चार सिलिंडरच्या इंजिनात हा झोका नसतो. म्हणूनच लहान तीन सिलिंडर गाड्यांमध्ये माउंटिंगचे रबर निरोगी असण्याला अधिक महत्त्व आहे.

मग बोनेट उघडे ठेवून भार देऊन पाहिले. हँडब्रेक पूर्ण ओढला, पायाचा ब्रेक दाबून धरला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडला. त्यानंतर रिव्हर्समध्ये तेच केले. भाचा गाडीच्या बाजूला उभा राहून इंजिनाकडे पाहत होता. या वेळी समोर किंवा मागे कोणीही उभे राहू नये, ही गोष्ट मी त्याला काम सुरू करण्यापूर्वीच सांगितली होती. “मामा, इंजिन पार मागे झोपतंय आणि उजवं टोक खाली बसलेलंच आहे,” असे तो म्हणाला. नंतर जागा बदलून मी स्वतः पाहिले तेव्हा इंजिनाचे वरचे टोक मागे-पुढे मिळून सुमारे 35 मिलिमीटर हलत होते.

या इंजिनाला तीन ठिकाणी आधार आहे : उजवीकडे टायमिंग चेनच्या बाजूला, डावीकडे गिअरबॉक्सवर आणि मागे खालच्या बाजूला. उजव्या माउंटिंगचे रबर धातूपासून एका बाजूने सुटले आहे आणि त्यावर तेलाचा काळा चिकट थर आहे. वरचा धातूचा भाग आणि खालची बैठक यांच्यामधील फट 6 मिलिमीटर भरली. मागच्या माउंटिंगच्या रबराला आरपार चीर आहे. टॉमी (उचकवण्याची लोखंडी कांब) घालून हलके उचकले की ती उघडते. डाव्या माउंटिंगवर वरवरच्या बारीक भेगा असल्या तरी रबर एकसंध आहे, म्हणून ते बदलायचे नाही असे ठरवले. न बिघडलेला भाग केवळ जोडीने बदलायचा म्हणून काढून टाकणे मला पटत नाही.

मागचे माउंटिंग का फाटते, हे भाच्याला आकड्यांत दाखवले. इंजिनाचे कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 90 न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) मिळून ते साधारण 14 पट होते असे धरले, तर चाकांच्या अक्षावर सुमारे 1,260 न्यूटन-मीटर मिळतात. आडव्या बसवलेल्या इंजिनात डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते, त्यामुळे चाके जितक्या जोराने पुढे फिरतात तितक्याच जोराने संपूर्ण इंजिन-गिअरबॉक्स उलट दिशेने फिरू पाहते आणि त्याला थोपवण्याचे काम माउंटिंगकडे येते. हा जोर 40 सेंटिमीटर अंतरावर पेलायचा म्हटला, तरी तीनशे किलोहून अधिक वजनाइतका रेटा होतो. पुण्याच्या रहदारीत पहिल्या गिअरमध्ये क्लच किती वेळा सोडला जातो याचा विचार केला, की या रबराने 13 वर्षे काढली हेच पुष्कळ वाटते.

बुधवार, 8 जानेवारी

कार्यालयातून अर्धा दिवस रजा घेऊन खरेदी केली. नाना पेठेतील एका दुकानात उजवे माउंटिंग मूळ कंपनीचे, सीलबंद खोक्यात मिळाले. मागचे मूळ माउंटिंग शिल्लक नव्हते आणि मागवायला आठवडा लागणार होता. रविवारचे काम अडू नये म्हणून मी दुसऱ्या बनावटीचे, निम्म्याहून कमी किमतीचे मागचे माउंटिंग घेतले. दुकानदाराने ते हातात देताना ‘हे जास्त कडक आहे, म्हणून जास्त टिकेल’ असे सांगितले आणि त्या क्षणी मला ते तर्कसंगत वाटले.

रविवार पेठेतील बोहरी आळीतून अर्ध्या इंची चौकोनाचा टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळण्याचा पाना) आणि 14 व 17 नंबरच्या लांब गोट्या (सॉकेट) घेतल्या. बुधवार असल्यामुळे जुना बाजार भरला होता. तेथे पान्याला जोडण्यासाठी जाड भिंतीचा लोखंडी नळीचा तुकडा मिळाला. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून सागाची दोन इंच जाडीची फळी कापून आणली. जॅकचा छोटा माथा इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरच्या पातळ पत्र्यावर थेट टेकवला तर पत्रा आत दबतो, म्हणून भार पसरवण्यासाठी ही फळी लागते.

शनिवार, 11 जानेवारी

आज माउंटिंगला हात लावला नाही. ते ज्यामुळे खराब झाले त्याचा बंदोबस्त केला.

उजव्या माउंटिंगवरचे तेल वरून येत होते. कागदी टिपकागद वेगवेगळ्या उंचीवर चिकटवून इंजिन अर्धा तास चालवले, तेव्हा टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) उजव्या कोपऱ्याखालचा कागद प्रथम ओला झाला. कव्हर काढल्यावर दिसले की त्याचे रबरी पॅकिंग लाकडासारखे कडक होऊन त्या कोपऱ्यात तुटले आहे. नवे पॅकिंग बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ कापडाने कोरडे केले आणि बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, हलक्या हाताने आवळले.

माउंटिंगमधील रबर बहुधा नैसर्गिक रबर असते, कारण वारंवार ताणले-दाबले जाण्यात त्याची बरोबरी फार थोडे पदार्थ करतात. परंतु खनिज तेल त्याचे शत्रू आहे. तेल रबरात शिरते, रबर फुगते, मऊ आणि चिकट होते आणि धातूला चिकटलेली त्याची बाजू सुटू लागते. म्हणून या तेलगळतीकडे ‘दोन थेंब तर आहेत’ म्हणून पाहणे चूक होते, आणि ती चूक माझीच आहे. कारण ऑइल बदलताना मी हा ओलसरपणा किमान दोनदा पाहिला होता.

दुसरे कारणही मला आज मान्य करावे लागले. दर पावसाळ्यानंतर मी गाडी वॉशिंगला देत असे आणि तेथे गंज लागू नये म्हणून खालून डिझेलचा फवारा मारून घेत असे. पत्र्याला त्याचा थोडाफार उपयोग होत असेलही, पण तोच फवारा माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश आणि एक्सलचे बूट अशा प्रत्येक रबरी भागावर बसतो. यापुढे खालचा भाग केवळ पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन घ्यायचा, असे सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. आजही इंजिनाचा उजवा कोपरा रॉकेलने न पुसता साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ केला.

संध्याकाळी मागच्या माउंटिंगच्या बोल्टांवर गंज सोडवणारे स्प्रे मारून ठेवले. सायलेन्सरचा पाइप तेथून जवळ जातो, त्यामुळे इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच स्प्रे मारला.

रविवार, 12 जानेवारी

सकाळी सातला काम सुरू केले. थंडी चांगलीच होती. दुपारी एक ते चार या वेळेत ठोकाठोक करायची नाही असे शेजाऱ्यांना आधीच सांगितले होते, त्यामुळे आवाजाची सर्व कामे सकाळीच उरकण्याचे नियोजन केले.

पार्किंगची फरशी एका बाजूला किंचित उतरती आहे. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावल्या, हँडब्रेक ओढला, पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या जागांखाली स्टँड लावले आणि फरशी फुटू नये म्हणून स्टँडखाली प्लायवुडचे तुकडे ठेवले. गाडीला बाजूने जोरात ढकलून ती हलत नाही याची खात्री करूनच खाली गेलो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही, हा नियम भाच्याकडून मी मोठ्याने म्हणवून घेतला.

बॅटरीची ऋण तार सोडली आणि एअर फिल्टरचा डबा काढला. फळी जॅकवर ठेवून ती चेंबरच्या कडेच्या मजबूत भागाला टेकवली आणि इंजिनाचे वजन जॅकवर येईपर्यंतच जॅक वर घेतला. हे ‘येईपर्यंतच’ महत्त्वाचे आहे. इंजिन जास्त उचलले तर डाव्या माउंटिंगवर उलटा ताण येतो आणि सायलेन्सरचा जोड व होसपाइप ओढले जातात. उजव्या माउंटिंगचे बोल्ट बोटांनी फिरण्याइतके सैल होणे, ही योग्य उंचीची खूण आहे. बोल्ट आवळलेलेच राहिले तर जॅक एक-दोन मिलिमीटर वर किंवा खाली घेऊन पाहावे. आम्हाला हे जमायला पाऊण तास लागला, कारण मी प्रत्येक वेळी जॅकची अर्धी फेरी घेत होतो आणि भाच्याने “मामा, पाव फेरीच घे, मी बोल्ट धरून बघतो” असे सुचवल्यावरच ते साधले.

उजवे माउंटिंग हातात आल्यावर त्याची खरी अवस्था कळली. रबर धातूपासून निम्म्याहून अधिक परिघावर सुटले होते आणि तेल लागलेल्या बाजूला बोट दाबले की ठसा उमटून राहत होता. नवे माउंटिंग बाजूला ठेवून पाहिले तर धातूच्या दोन भागांतील फट भाराशिवाय 14 मिलिमीटर होती. म्हणजे जुन्याची फट 6 वर आली होती, यात काही वाटा वजनाने दबण्याचा आणि बाकीचा रबर बसून जाण्याचा होता. नवे माउंटिंग बसवून त्याचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळले.

मागच्या माउंटिंगने दुपार खाल्ली. त्याचा मुख्य बोल्ट रात्रभर स्प्रे पिऊनही हलला नाही. तापवण्याचा पर्याय मी घेतला नाही, कारण शेजारी रबर आणि थोड्या अंतरावर पेट्रोलची नळी आहे. नळीचा तुकडा पान्याला जोडून, आधी आवळण्याच्या दिशेने अगदी थोडे आणि मग सोडण्याच्या दिशेने, असा हळूहळू जोर देत गेल्यावर चौथ्या प्रयत्नात गंजाची पकड सुटली. आटे शाबूत होते. तारेच्या ब्रशने साफ करून घेतले. नवे मागचे माउंटिंग जागेवर बसेना, बोल्टाचे भोक सुमारे 5 मिलिमीटर पुढे राहत होते. तेव्हा आम्ही टॉमी लावून इंजिन मागे रेटले, बोल्ट आत घातला आणि आवळून टाकला.

संध्याकाळी साडेसहाला इंजिन सुरू केले. बॅटरी सोडलेली असल्याने पहिली काही मिनिटे आयडलिंग वर-खाली होत राहिले, म्हणून ते स्थिर होईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढला नाही. स्थिर झाल्यावर ‘धप्’ हा आवाज पूर्ण गेलेला होता. थरथर मात्र अपेक्षेइतकी कमी झाली नव्हती.

सोमवार, 13 जानेवारी

गाडी कार्यालयात नेली. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येताना धक्का अजिबात नाही. परंतु 1,700 फेऱ्यांच्या आसपास आत एक घुमणारा आवाज येतो, जो पूर्वी नव्हता. कान दडपल्यासारखे होतात आणि 2,000 च्या पुढे तो विरतो. आयडलिंगला स्टिअरिंगवरचे मोबाइलचे माप पूर्वी 1.2 मीटर प्रति सेकंद वर्ग होते ते 1.0 झाले आहे. दोन भाग नवे बसवल्यानंतर हा फरक फारच थोडा आहे.

मंगळवार, 14 जानेवारी

संक्रांत. काम केले नाही. तिळगूळ द्यायला शेजारचे काका आले होते. ते भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रबरी भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. जुनी माउंटिंग दाराशी ठेवलेली पाहून त्यांनी ती हातात घेतली, चिरेत नख घातले आणि विचारले, “नवं बसवताना जोर लावावा लागला का हो?” मी होय म्हणताच ते म्हणाले, “मग रबर आधीच पिळलेलं आहे. ते आराम करत असायला हवं, तुम्ही त्याला कामाला लावून ठेवलंत.” शनिवारी त्यांचा जुना कडकपणामापक घेऊन येतो असेही त्यांनी सांगितले.

शनिवार, 18 जानेवारी

मूळ कंपनीचे मागचे माउंटिंग मागवले होते, ते कालच आले. काकांनी मापकाची टोचणी तिन्ही रबरांवर टेकवून मोजले. पृष्ठभाग वक्र असल्याने हे आकडे तुलनेपुरतेच घ्यावेत असे त्यांनी बजावले. मूळ मागच्या माउंटिंगचा कडकपणा शोअर-ए मापावर 50 च्या आसपास आला. मी बसवलेले स्वस्त माउंटिंग गाडीखालीच असल्याने दिव्याच्या उजेडात कसेबसे मोजले, तो आकडा 68 ते 70 भरला. जुन्या उजव्या माउंटिंगवर तेलाच्या बाजूला 38 आणि कोरड्या बाजूला 64 मिळाले. एकाच रबराचा एक काठ मऊ होऊन कुजला होता आणि दुसरा उष्णतेने कडक झाला होता, हे पाहून मला फार आश्चर्य वाटले.

कडक रबर जास्त चांगले का नाही, याचे गणित काकांनी कागदावर मांडले आणि ते येथे नोंदवून ठेवण्याजोगे आहे. स्प्रिंगवर ठेवलेली कोणतीही वस्तू स्वतःच्या एका ठरावीक गतीने हलते. वजनाने स्प्रिंग किती मिलिमीटर दबते हे मोजून त्याचे वर्गमूळ काढावे आणि 15.8 ला त्याने भागावे. म्हणजे ती गती सेकंदाला किती कंपने हे मिळते. रबर 4 मिलिमीटर दबत असेल तर उत्तर सुमारे 8 येते. केवळ 1 मिलिमीटर दबत असेल तर सुमारे 16. आता आधार हा कंपने अडवण्याचे काम तेव्हाच करतो, जेव्हा येणारी कंपने या गतीच्या 1.41 पटींहून वेगवान असतात. त्याखाली तो कंपने अडवत नाही, उलट वाढवतो. आपल्या इंजिनाची आयडलिंगची कंपने सेकंदाला 21. आठाच्या 1.41 पट म्हणजे 11, तेव्हा मऊ रबर ती सहज अडवते. सोळाच्या 1.41 पट म्हणजे साडेबावीस, म्हणजे कडक रबर तीच कंपने वाढवून गाडीच्या अंगात सोडते. हे गणित उभ्या भाराचे आहे, मागच्या माउंटिंगवर वजन थोडे असते आणि हलत्या भाराखाली रबर मोजणीपेक्षा अधिक कडक वागते, हे सर्व धरूनही दिशा स्पष्ट आहे. दुकानदाराच्या ज्या वाक्यावर मी विश्वास ठेवला ते टिकाऊपणापुरते खरे असेल, पण ज्या कामासाठी रबर तेथे बसवलेले असते त्या कामाच्या ते उलट जाणारे आहे.

भाच्याने एक चांगली सूचना केली. उद्या माउंटिंग बदलणे आणि ताण काढणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या, तर कोणत्या गोष्टीने काय फरक पडला ते कळणार नाही. म्हणून आधी फक्त ताण काढायचा, मोजायचे, आणि त्यानंतरच माउंटिंग बदलायचे.

रविवार, 19 जानेवारी

पुन्हा सकाळी सातला सुरुवात. गाडी पूर्वीप्रमाणेच स्टँडवर घेतली आणि इंजिनाखाली फळीसह जॅक सुरक्षेपुरता टेकवून ठेवला. मग तिन्ही माउंटिंगचे बोल्ट, डाव्या बाजूचेही, सैल केले. बाहेर काढले नाहीत, केवळ बोटांनी फिरतील इतके सोडले. मागचा बोल्ट सैल होताच इंजिन ‘टक्’ करून पुढे सरकले आणि आम्ही दोघांनीही ते डोळ्यांनी पाहिले. आठवडाभर ते रबर त्या 5 मिलिमीटरांचा ताण धरून बसले होते. माउंटिंगच्या आत रबराभोवती ठेवलेली मोकळी फट एका बाजूने संपून रबर धातूच्या थांब्याला टेकलेले होते, आणि थांब्याला टेकलेले रबर हे जवळपास लोखंडच असते. 1,700 फेऱ्यांना सेकंदाला साडेबेचाळीस स्फोट होतात. ती कंपने त्या वाटेने थेट पत्र्यात जाऊन आत घुमत होती.

इंजिन दोन्ही हातांनी पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे दहा-बारा वेळा हलवले आणि त्याला जेथे थांबायचे तेथे थांबू दिले. आता उजव्या माउंटिंगचे भोक आणि बोल्ट यांचा मध्य जुळत नव्हता. लंबगोल भोकात बोल्ट 3 मिलिमीटर बाजूला सरकला होता. म्हणजे मुळात गेल्या रविवारी उजवे माउंटिंग आधी पक्के आवळले तेथेच चूक झाली होती. ते आवळल्यामुळे इंजिनाची जागा ठरून गेली आणि मागच्या माउंटिंगला तिच्याशी जुळवून घेण्यासाठी रेटावे लागले. या वेळी सर्व बोल्ट हाताने टेकवून, जॅक पूर्ण खाली घेऊन, इंजिनाचे वजन रबरांवर आल्यावरच उजवे, डावे आणि शेवटी मागचे, या क्रमाने आणि दोन टप्प्यांत आवळले. प्रत्येक बोल्टाच्या माथ्यावरून बैठकीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारली, म्हणजे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

एवढे करून, कडक माउंटिंग तसेच ठेवून, कर्वेनगर ते वारजे पूल अशी फेरी मारली. घुमणारा आवाज गेला होता. आयडलिंगचे माप 0.8 आले.

परत येऊन इंजिन थंड होऊ दिले आणि चार वाजल्यानंतर मागचे मूळ माउंटिंग बसवले. या वेळी बोल्ट कोणताही जोर न लावता, अंगठ्याने ढकलून आत गेला. तिन्हींचे बोल्ट पुन्हा सैल करून, इंजिन हलवून, त्याच क्रमाने आवळले. उजव्या माउंटिंगची फट भाराखाली 10 मिलिमीटर भरली. म्हणजे नवे रबर 4 मिलिमीटर दबले आहे. आयडलिंगचे माप 0.4. एसी चालू केल्यावर 0.5. आरशात मागच्या भिंतीवरील वाहन क्रमांकाची पाटी स्पष्ट वाचता आली.

भाच्याने आपल्या वहीत तिन्ही आकडे, 1.0, 0.8 आणि 0.4, एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकापुढे काय बदलले ते नोंदवले. मला ते पाहून मनापासून समाधान वाटले.

रविवार, 26 जानेवारी

सकाळी सोसायटीतले झेंडावंदन झाल्यावर काकांना बरोबर घेऊन जुन्या कात्रज घाटाने खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावरून बाहेर पडताना वेग वाढवणे ही मागच्या माउंटिंगची खरी परीक्षा आहे, कारण तेथे इंजिन सतत मागे रेटले जाते आणि पाय उचलताच पुढे येते. धक्का नाही, आवाज नाही. काकांनी जाताना-येताना दोन्ही वेळा पायाखालच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहिला. बोगद्याजवळ थांबून बोनेट उघडले तेव्हा टॅपेट कव्हरचा उजवा कोपरा कोरडा होता. घरी येऊन भार देण्याची परीक्षा पुन्हा केली. इंजिनाचे वरचे टोक आता मागे-पुढे मिळून 12 मिलिमीटरच हलते.

रविवार, 23 फेब्रुवारी

मधल्या काळात गाडी 640 किलोमीटर चालली. सर्व पिवळ्या रेघा अखंड आहेत. तरीही टॉर्क रेंचने प्रत्येक बोल्ट तपासला. डाव्या माउंटिंगचा एकच बोल्ट अगदी किंचित, रेघ जेमतेम हलेल इतका, फिरला. उजवी फट 9.5 मिलिमीटर आहे. नवे रबर सुरुवातीला थोडे बसते, त्यामुळे हा अर्धा मिलिमीटर काळजीचा नाही, पण पुढची तुलना याच आकड्याशी करायची आहे. टॅपेट कव्हर कोरडे आहे. आयडलिंगचे माप 0.4 वर कायम आहे.

डाव्या माउंटिंगवरच्या भेगांचा छायाचित्रासह आकार नोंदवून ठेवला आहे. सर्वांत लांब भेग 11 मिलिमीटर आणि वरवरची आहे. मेअखेरीस, पावसाळ्यापूर्वी, ती पुन्हा मोजायची. काढलेले स्वस्त माउंटिंग काकांनी मागून घेतले. ते मधोमध कापून आतल्या रबराचा जोड कसा आहे हे भाच्याला दाखवणार आहेत.